सायंकाळचा अर्धा तास आणि त्यानंतरचा

पुणे नभोवाणी केंद्राच्या इतिहासात १९५५-५६ हे वर्ष ‘गीतरामायणा’चे वर्ष म्हणून ओळखले जाते. माडगूळकरांची गीते आणि फडक्यांचे संगीत ऐकण्यासाठी घरोघरी रेडिओभोवती माणसे जमत, ही आठवण महाराष्ट्राने आजवर जपली आहे आणि ती जपण्यासारखीच आहे. ती मालिका संपत आली असताना, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, त्याच केंद्रावरून आणखी एक मालिका प्रसारित होत होती. तिच्यात गाणे जवळजवळ नव्हते. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम. ते ऐकण्यासाठी पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळे मुद्दाम स्थापन करण्यात आली होती. ही दुसरी मालिका मात्र लोकांच्या स्मरणातून गेली. शेतीच्या ज्ञानप्रसाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या स्मरणात तरी ती राहावयास हवी होती. ज्ञान पोहोचविणे आणि निर्णय घडविणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या २० सायंकाळींनी जितके स्पष्ट दाखविले तितके त्यानंतरच्या कोणत्याही साधनाने दाखविलेले नाही.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्या देशात नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळींनी केला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. त्याच वर्षी कलकत्त्यास व पुढील वर्षी मद्रासेस असेच क्लब पुढे आले. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली. तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले आणि पुढल्याच महिन्यात कलकत्ता केंद्र सुरू झाले. ही केंद्रे प्रत्येकी दीड किलोवॅट शक्तीची होती. साधा स्फटिक संच घेऊन, कानाला श्रवणयंत्र लावून ऐकणाऱ्यास शहरापासून सुमारे ३० मैलांच्या परिसरातच त्यांचा भरवसा धरता येई. दूरच्या श्रोत्याला वाल्व्हचा संच लागे. तो महाग असे आणि त्यावर वर्षाला १० रुपये परवाना शुल्क वेगळे. शेतमजुराची मिळकत आण्यांत मोजली जात असलेल्या त्या काळी ही रक्कम खेड्याला परकीच होती. कंपनीच्या अखेरच्या काळात साऱ्या देशात परवानाधारक श्रोते आठ हजारही भरले नाहीत. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि एप्रिलपासून सरकारने तिचा कारभार आपल्याकडे घेतला. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ च्या जूनमध्ये आले.

अर्थात, आरंभीची ही नभोवाणी शहराची होती. तिच्या सायंकाळच्या कार्यक्रमांत खेड्याची आठवण क्वचितच निघे. तरीही सायंकाळ ही वेळ खेड्याला आणि यंत्राला दोघांनाही सोयीची होती, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. दिवसा सूर्याच्या किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युद्भारित थर तयार होतात. त्यांपैकी सर्वांत खालचा थर मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याहून उंचावरच्या थरापर्यंत जाऊन परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. दिवसा ज्या संचातून नुसती खरखर निघे, तोच संच दिवेलागणीनंतर दूरच्या शहराचा आवाज देऊ लागे. कधी तो आवाज चढे, कधी बुडे, कधी दोन केंद्रे एकमेकांत मिसळत. इकडे शेतकऱ्याचा दिवस त्याच सुमारास आटोपत येई. औत सुटले, जनावरे गोठ्यात आली, धारा काढून झाल्या, की माणसे चावडीपुढे किंवा मारुतीच्या देवळाच्या पारावर टेकत. गावातली निम्मी कामे आणि बहुतेक सारी भांडणे याच वेळी निकालात निघत. नभोवाणीला जी वेळ हवी होती, ती गावाने फार पूर्वीपासून बोलण्यासाठी राखून ठेवलेली होती.

या वेळेचा उपयोग करण्याचे पहिले मोठे प्रयत्न १९३५ च्या सुमारास झाले. मार्कोनी कंपनीने पेशावर येथे एक प्रक्षेपक व काही संच वापरावयास दिले. अलाहाबादच्या कृषी संस्थेनेही त्याच काळात ग्रामीण कार्यक्रमांचा उपक्रम केला. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाल्यावर भोवतालच्या खेड्यांसाठी रोजचा सायंकालीन कार्यक्रम सुरू झाला. बाजारभाव, हवामान, गाणी, आरोग्याच्या व शेतीच्या सूचना, मधूनमधून दोन पात्रांचे संवाद असे त्याचे स्वरूप असे. गावाला दिलेल्या संचाची रचना मात्र मोठी बोलकी होती. संच पेटीत कुलूपबंद असे. त्याची सुई एकाच केंद्रावर कायमची बसविलेली असे आणि ठरलेल्या वेळी तो चालू व्हावा व ठरलेल्या वेळी बंद व्हावा यासाठी आत घड्याळाची योजना केलेली असे. नाजूक यंत्र बिघडू नये, बॅटरी फुकट जाऊ नये, हा हेतू व्यवहाराला धरून होता, हे मान्य करावे लागेल. परंतु गावकऱ्याने या यंत्राला हात लावावयाचा नाही, केंद्र बदलावयाचे नाही, फक्त समोर बसून ऐकावयाचे, असा त्याचा दुसराही अर्थ होता. सरकार बोलेल आणि गाव ऐकेल, एवढाच तो व्यवहार होता. शंका आली तर ती विचारावयास कोणी समोर नाही. सांगितलेले पटले नाही तर तसे कळविण्याची सोय नाही. अशा कार्यक्रमांतून माणसे गाणी आवडीने ऐकत आणि उपदेश सुरू झाला की उठून जात, यात नवल ते काय? मोकळ्या पारावर जो माणूस दुसऱ्याला बोलू न देता तासभर बोलतो, त्याच्याजवळ तरी कोण बसते?

स्वातंत्र्य आले तेव्हा भारताच्या वाट्यास सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली. साऱ्या देशात रेडिओसंच पावणेतीन लाखांच्या घरात होते. त्यानंतरच्या वर्षांत केंद्रे वाढली. नागपूर १९४८ मध्ये सुरू झाले, पुणे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. खेड्यांसाठी सामुदायिक श्रवणसंच देण्याची योजनाही आखली गेली व तिचा खर्च केंद्र व राज्य सरकारांनी वाटून घेतला. संच गावात पोहोचू लागला; पण संच पोहोचला म्हणजे विचार पोहोचला, अशी जी समजूत त्या काळी रूढ झाली होती ती मात्र तपासून पाहिलेली नव्हती. तपासणीचा तो मान पुण्याकडे जातो.

कल्पना मूळची कॅनडाची. तेथे १९४१ मध्ये प्रौढशिक्षण संस्था, शेतकरी महासंघ व राष्ट्रीय नभोवाणी यांनी मिळून शेतकरी श्रोतेमंडळांचा उपक्रम आरंभिला. हिवाळ्यात सोमवारी सायंकाळी शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमत. त्या आठवड्याच्या विषयावरील छापील पत्रक त्यांनी आधी वाचलेले असे. मग कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि चर्चेचा निष्कर्ष लिहून कचेरीकडे पाठवावयाचा. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या उपक्रमाचे घोषवाक्यच होते. ऐन भरात अशी सुमारे १,६०० मंडळे चालत. युनेस्कोच्या साहाय्याने हाच क्रम भारतात आणावयाचे ठरले व त्यासाठी पुणे केंद्राचा टापू निवडण्यात आला.

पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक मंडळात सुमारे २० सभासद असत. त्यांत लिहिणारे-वाचणारे होते तसे निरक्षरही होते. एक अध्यक्ष आणि एक चिटणीस असे. चिटणिसाला लिहिता येणे अवश्य होते, कारण सारी मदार त्याच्या लिखाणावर होती. कार्यक्रमाचा विषय आधी कळविलेला असे. ठरल्या सायंकाळी मंडळी संचाभोवती बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत आणि मग संच बंद करीत. कामाला खरा आरंभ त्या क्षणी होई. जे ऐकले ते आपल्या गावच्या जमिनीस, आपल्या विहिरीच्या पाण्यास, आपल्या ऐपतीस लागू पडते की नाही, याचा ऊहापोह सुरू होई. एखाद्याने आधी तसे करून पाहिलेले असे. तो फसला असेल तर का फसला ते सांगे. ज्या शंका गावात सुटत नसत त्या चिटणीस लिहून केंद्राकडे धाडी आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. दूर शहरातून येणारा आवाज आपल्या गावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हा अनुभव खेड्याला नवा होता. नभोवाणीच्या दृष्टीने तर तो त्याहूनही नवा होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविले होते. मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयरात यांनी ते केले. त्यांची पद्धत साधी आणि म्हणूनच पटण्यासारखी होती. मंडळे असलेली काही गावे घेतली. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावे घेतली आणि त्यांतही काही रेडिओ असलेली व काही रेडिओ नसलेली निवडली. कार्यक्रमांतून ज्या विषयांची माहिती दिली जाणार होती त्यांवर मालिकेपूर्वी प्रश्न विचारले व मालिका संपल्यावर पुन्हा विचारले. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय आढळली. मंडळ नसलेल्या गावांत ती अल्प होती आणि, येथे सरकारी खात्यांनी जरा थांबून वाचावे, त्या गावात रेडिओ असल्याने परिस्थितीत फारसा फरक पडला नव्हता. यंत्र तेच, आवाज तोच. फरक होता तो संच बंद झाल्यानंतर कोणी कोणाशी काय बोलले याचा.

मूल्यमापनाचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा कमी झाली. मंडळे केवळ माहिती गोळा करीत बसली नाहीत. कोठे विहिरी खोदण्याचे ठरले, कोठे जातिवंत वळू आणावयाचे ठरले, कोठे लेगहॉर्न कोंबड्या, कोठे बालवाडी. नॉयरात यांना असे दिसून आले की मंडळे निर्णय घेणाऱ्या संस्था बनत होत्या आणि गावाच्या समाईक कामांना निवडलेल्या पंचायतीपेक्षाही अधिक वेगाने चालना देऊ शकत होत्या. अडीच महिन्यांच्या मुदतीत, ज्यांची कोणी निवडणूक घेतली नाही, ज्यांच्या हाती पैसा नाही, अशा २० माणसांकडून हे घडावे याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. पंचायतीत माणूस पक्ष घेऊन बसतो. येथे समोर एक विषय होता, तो बाहेरून आलेला होता, कोणाच्याही घराण्याचा नव्हता. त्यामुळे त्यावर मत बदलण्यात कोणाचा कमीपणा होत नव्हता.

या प्रयोगाचे गुण गाताना त्याची व्यंगे झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मंडळांत बहुतांशी पुरुषच होते. बी राखणे, धान्य टिकविणे, दूधदुभते, कोंबड्या ही कामे ज्यांच्या हातची, त्या स्त्रिया त्या वेळी चुलीपुढे होत्या. सायंकाळची वेळ पुरुषाला मोकळी असते ती स्त्रीला मोकळी नसते म्हणूनच, ही साधी गोष्ट वेळापत्रक आखणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. शिवाय संच कोठे ठेवावयाचा हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. तसा तो नाही. चावडीत किंवा शाळेत ठेवलेल्या संचापाशी जो मोकळेपणाने बसू शकतो, तो एखाद्या वतनदाराच्या वाड्यातल्या ओसरीवर बसेलच असे नाही. बसला तरी बोलेलच असे नाही. गावातील उच्चनीचतेची रेघ बैठकीच्या जागेवरून आपोआप आखली जाते. ज्याला बैठकीत जागा नाही त्याची शंका चिटणिसाच्या वहीत येत नाही आणि मग तिचे उत्तरही कोणी देत नाही.

१९५९ मध्ये ही योजना देशभर पसरविण्यात आली. पुढील काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांवर गेली; जोम मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. पुण्यात प्रत्येक मंडळामागे देखरेख करणारी, भेटी देणारी, पत्रांची दखल घेणारी माणसे होती. देशभरच्या योजनेत तेवढी माणसे देता आली नाहीत. बॅटरी संपली की ती बदलून येईपर्यंत संच मुका राही. बैठक दोन-तीनदा चुकली की मंडळी फुटतात, हे भजनी मंडळ चालविणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. अहवाल पाठवावयाचा, पण उत्तर येत नाही, असे झाले की चिटणीसही लिहीनासा होतो. त्यातच १९६० नंतर ट्रॅन्झिस्टर स्वस्त होत गेला. तो बांधावर, मोटेवर, बैलगाडीत नेता येऊ लागला. ही सोय फार मोठी होती आणि शेतकऱ्याने ती आनंदाने स्वीकारली, यात त्याचे काही चुकले नाही. पण चावडीतला संच जसजसा घरोघरी वाटला गेला तसतशी चावडीतली बैठकही वाटली गेली, आणि बैठक वाटून घेता येत नाही.

येथे तंजावरच्या भाताचे उदाहरण कोणी पुढे करील. १९६५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ए. डी. टी. २७ ही भाताची जात तंजावर जिल्ह्यात झपाट्याने पसरली. तिरुचिरापल्ली केंद्रावरील शेतीविषयक कार्यक्रमांचा त्यात इतका वाटा होता की शेतकरी त्या जातीला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. तेव्हा मंडळावाचून नभोवाणीचे काम अडते असे नाही, असा आक्षेप यातून निघतो. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. कोणते बी पेरावयाचे हा ज्याच्या त्याच्या शेताचा निर्णय असतो. एकाने नवी जात लावली, शेजाऱ्याने जुनीच लावली, तरी दोघांचेही भात आपापल्या परीने पिकते. अशा निर्णयास एकट्याने ऐकलेली खात्रीलायक माहिती पुरेशी होते. परंतु शेतीतील काही निर्णय बांधापाशी थांबत नाहीत.

हुमणीचे उदाहरण घ्यावे. ऊस, भुईमूग, ज्वारी, सोयाबीन यांची मुळे खाणारी ही अळी जमिनीत असते तेव्हा तिच्यावर उपाय कठीण व खर्चाचा असतो. तिचे भुंगेरे मात्र वळवाचा चांगला पाऊस झाला की दिवेलागणीच्या सुमारास जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर पाला खाण्यास व मीलनास जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारावेत, प्रकाशसापळे लावावेत, हा उपाय कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. उपाय स्वस्त आहे, सोपा आहे आणि एकट्याने केला तर जवळजवळ निरुपयोगी आहे. भुंगेरा उडतो. एकाच्या बांधावरील झाड साफ झाले आणि शेजारच्या चार बांधांवरील झाडे तशीच राहिली, तर अंडी घालण्यास मादी साफ झाडवाल्याच्याच रानात येणार नाही असे कोण सांगेल? साऱ्या गावाने त्याच काही सायंकाळी बाहेर पडले तरच त्याचा गुण येतो.

कापसावरील गुलाबी बोंडअळीची कथा हीच आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात तिने जो हाहाकार केला तो विसरण्यासारखा नाही. फरदड घेऊ नये, वेचणी संपताच पऱ्हाट्या काढून त्यांची विल्हेवाट लावावी, पेरणी फार आधी करू नये, हे सर्व सांगून झाले आहे. फरदड ठेवणाऱ्याला चार पैसे मिळतात आणि अळीचा वारसा मात्र शिवारभर वाटला जातो. अशा ठिकाणी प्रत्येक शेतकऱ्यास माहिती आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. शेजारी काय करणार आहे, याची खात्री त्याला आहे की नाही, हा खरा प्रश्न असतो. ती खात्री कोणत्याही प्रक्षेपकातून येत नाही. ती समोरासमोर बसून, एकमेकांच्या देखत ‘होय’ म्हटल्याने येते.

आज शेतकऱ्याच्या खिशात जे यंत्र आहे ते १९५६ च्या चावडीतील संचाहून कितीतरी गुणी आहे. २००४ मध्ये किसान कॉल सेंटरची सेवा सुरू झाली. शेतकरी आपल्या भाषेत विचारतो व त्याला तेथल्या तेथे उत्तर मिळते. म्हैस आजारी पडली, फवारणीचे प्रमाण विसरले, अशा वेळी गुरुवारच्या कार्यक्रमाची वाट पाहत बसा असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. त्याच वर्षी आकाशवाणीवर ‘किसान वाणी’ आली. हवामानाचे इशारे, बाजारभाव, चित्रफिती यांचा तर दिवसभर वर्षाव असतो. या सोयींना नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु या साऱ्यांत एक साम्य आहे आणि ते १९३६ च्या त्या कुलूपबंद पेटीशीही जुळते: ऐकणारा प्रत्येक जण एकटा असतो. त्याच्या खिशातील यंत्रावर खात्याचा सल्ला, औषध विकणाऱ्याची जाहिरात आणि कोणी तरी पुढे ढकललेली बिनबुडाची वार्ता एकापाठोपाठ एक येऊन पडतात. त्यांत निवड करावयास त्याच्या शेजारी कोणी बसलेले नसते. मंडळात खोटी माहिती टिकणे कठीण असे. पारावरच्या २० माणसांत ती आधीच भोगलेला एक तरी निघेच.

व्हॉट्सॲपवरील गावचे गट हे नवे श्रोतेमंडळच आहे, असा युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. तो पुरता मानता येत नाही. अशा गटात शे-दोनशे नावे असतात. सूचना येते, चार जण अंगठा दाखवितात, उरलेले गप्प राहतात, आणि गप्प राहणारा सहमत आहे, विरोधी आहे की त्याने वाचलेच नाही, हे कोणास कळत नाही. बैठकीतल्या माणसाचे गप्प राहणेही दिसते. चांगला चिटणीस त्यालाच आधी विचारतो.

तेव्हा कृषिविस्ताराच्या यंत्रणेने नवे साधन आणण्याआधी जुन्या प्रयोगातून एवढे तरी उचलावे. बांधापलीकडे जाणारे विषय निवडून काढावेत: हुमणी, बोंडअळी, पाणलोटाची कामे, मोकाट गुरे, विहिरींची पाणीपातळी व उपसा. त्यांसाठी हंगामापूर्वी आठ-दहा आठवडे, आठवड्यास एक याप्रमाणे बैठका व्हाव्यात. अर्धा तास ऐकावयाचे. मग ते आकाशवाणीवरून असो, कृषी विज्ञान केंद्राच्या जाणकाराने फोनवरून बोललेले असो, की सामुदायिक रेडिओवरून. तो अर्धा तास मिळणे आता मुळीच कठीण नाही. कठीण आहे तो त्यानंतरचा अर्धा तास, आणि खर्चाची तरतूद त्याच्यासाठी हवी. गावोगाव एक चिटणीस हवा. तो गावातलाच असावा, त्याला त्याच्या वेळेचे काही मानधन मिळावे आणि त्याने पाठविलेल्या प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत नाव घेऊन उत्तर मिळावे. ‘अमुक गावाच्या मंडळाने विचारले आहे’ या शब्दांचे मोल कचेरीत बसून कळत नाही. गावात बसून कळते. ज्या खात्यास आठ दिवसांत उत्तर देणे जमणार नाही त्याने प्रश्न मागवूच नयेत.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा काढून सोडवावा लागेल. त्यांची बैठक सायंकाळी नको. ती दुपारची असावी. माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ ही सामुदायिक वाहिनी २००८ पासून उभी राहिली आहे. स्त्रियांचा आवाज स्त्रियांपर्यंत पोहोचविण्याचे ते काम जवळून पाहण्यासारखे आहे. बचत गटांच्या बैठका तर आज गावोगाव ठरल्या वारी भरतातच. त्यांच्या वहीत कर्जाच्या हप्त्यांखाली शेतीच्या शंकेसाठी दोन ओळी राखून ठेवल्या तर नवे मंडळ स्थापण्याचीही गरज उरणार नाही.

मंडळाची बैठक कोठे भरावी, याचा निर्णय ग्रामसभेने एकदाच आणि जाहीरपणे करावा. ती कोणाच्या ओसरीवर नको. शाळा, सोसायटीची पडवी, मोकळा पार, जेथे येण्यास कोणास परवानगी लागत नाही अशी जागा असावी. वळवाचे ढग साधारणपणे एप्रिलच्या अखेरीपासून दाटू लागतात आणि पहिला जोरदार पाऊस झाला की त्याच सायंकाळी भुंगेरे झाडांवर येतात. हुमणीग्रस्त गावांतील पहिली बैठक त्यापूर्वी व्हावयास हवी. कोणत्या गल्लीने कोणत्या ओढ्याकाठची झाडे हलवावयाची, बत्त्या कोणाच्या, डबे कोणाचे, आणि पाऊस रात्री उशिरा आला तर दुसऱ्या दिवशी निरोप कोणी द्यावयाचा, एवढे त्या दिवशी वहीत लिहून घ्यावे.